‘भाऊ, कधी रिलीजची रात्र काढलीय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या कुठल्या फायलींत दोष निघतील याचं आधीच भाकीत करणाऱ्या मॉडेलांवर मी लिहिलं, त्याखालची ‘व्यवहारात यांचा उपयोग नाही’ ही आपली प्रतिक्रिया वाचली. एक चूक कबूल. एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या प्रणालींवरच्या २००५ सालच्या अभ्यासात मॉडेलनं निवडलेल्या ‘२० टक्के फायलींत ८३ टक्के दोष’ सापडले असं मी ठोकून दिलं होतं. ८३ ही सरासरी. रिलीजगणिक, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दर नव्या आवृत्तीला, आकडा ७१ ते ९२ असा हलत होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘भाऊ, कधी रिलीजची रात्र काढलीय का?’ ही कुठली भाषा? एक तर मी आपला भाऊ नाही. आणि रात्रींचंच म्हणाल तर अकरा वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीत. दिवाळीच्या फराळाचा डबा ऑफिसात पहाटे तीनला उघडलाय.

अशाच एका रिलीजला आम्ही तिघंच होतो, हातात दोन दिवस. सगळं तपासणं शक्यच नव्हतं. महिनाभरात ज्या फायलींमध्ये सर्वांत जास्त बदल झाले होते त्यांची यादी मी एक्सेलमध्ये काढली; त्या मॉडेलांचीच ही साधी, हाती केलेली आवृत्ती. टीमच्या लीडनं तुमच्यासारखंच नाक मुरडलं. यादीतल्या चौथ्याच फायलीत बिलाची रक्कम दोनदा धरणारा बग निघाला! तो प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांच्या चालू सिस्टिमवर, गेला असता तर पहिला फोन कुणाला आला असता? याला मी व्यवहारातला उपयोग म्हणतो. एकच उदाहरण आहे, असं म्हणाल. म्हणा.

‘निवडलेल्या फायली मुळातच मोठ्या, मग त्या वाचायचा वेळ कोण धरणार?’ हे संशोधकांना सुचलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? त्याच अभ्यासात एका प्रणालीसाठी दोषांच्या दाटीवरूनही, म्हणजे कोडच्या ओळींमागे दोष किती यावरूनही, फायली निवडून पाहिल्या. तेव्हा २० टक्के फायलींत सरासरी ६२ टक्के दोष आले, आणि वाचायचा कोड बराच कमी. ६२ काही थोडे नाहीत.

मॉडेल कशाला, फायलीतल्या ‘नुसत्या ओळी मोजल्या तरी भागतं’ या तुमच्या मुद्द्यावर सवडीनं लिहीन.

राहिलं तुम्ही दिलेलं गूगलचं उदाहरण. धोक्याच्या फायलींवर खूण दाखवूनही प्रोग्रामरांच्या वागण्यात फरक दिसला नाही, हे २०१३ च्या निबंधात आहे. मीही वाचलाय तो. पण रिपोर्ट पाहूनही पेशंट जिलेबी खातो, म्हणून लॅब चुकीची ठरते का?

प्रतिक्रिया उडवलेली नाही. पुढच्या वेळी मात्र ‘निनावी’ नको, नाव लिहा.