गाडी बाहेर लावा, पण गरम आणा

बाणेरच्या ज्या सोसायटीत माझी आई राहते, तिथल्या कमिटीने मध्यंतरी नोटीस काढली: डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाक्या आत सोडायच्या नाहीत, गाडी रस्त्यावर लावून त्यांनी चालत यावं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी फक्त विचारलं, की रस्त्यावर म्हणजे नेमकं कुठे? गेटसमोर नो-पार्किंगची पाटी आहे आणि ती सोसायटीनेच मागे लागून लावून घेतली आहे. पुढे डीपीचा खांब, त्यापुढे भाजीवाला. उत्तर आलं, ‘तुम्ही तिकडे बर्फ उपसा, इकडचं आम्ही बघतो.’

ठीक. बर्फाचंच बोलू.

मी कॅनडात राहतो. मिसिसागात माझ्या घरापुढे दोन गाड्या मावतील एवढा ड्राइव्हवे आहे. हिवाळ्यात सकाळी तो साफ करून पायऱ्यांवर मीठ टाकणं दात घासण्याइतकं अंगवळणी पडलंय. बर्फ हटवणारा नांगर रस्ता साफ करून जातो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट बांध घालून ठेवतो. तो फोडताना कंबर बोलते. यात माझा सज्जनपणा फारसा नाही. माझ्या पायरीवर कुरिअरवाला घसरला तर तो माझ्यावर दावा लावू शकतो. 2021 पासून आमच्या ओंटारिओ प्रांतात घरमालकाला दिलासा एवढाच, की बर्फावर पडलेल्याने साधारणपणे 60 दिवसांच्या आत लेखी कळवायला हवं. थोडक्यात, माझ्या मिठाच्या पोत्यामागे वकील उभा आहे. असेना का. ज्याचं मनगट वाचलं, त्याला माझ्या हेतूशी काय करायचंय?

इथले बरेचसे ड्रायव्हर तर ड्राइव्हवेत शिरतच नाहीत. कडेला ब्लिंकर लावून गाडी उभी करतात आणि चालत येतात, कारण रिव्हर्स घेताना बर्फाच्या ढिगाआडून येणारं पोर दिसत नाही. हे ग्रुपवर लिहिलं, तर चेअरमनसाहेबांनी लगेच पकडलं: ‘बघा, तिकडेही बाहेरच लावतात!’

लावतात, पण त्यांची गाडी कोणी टेम्पोत घालून नेत नाही. पुण्यात सहाव्या मजल्यावर इडली देऊन मुलगा खाली येतो तोवर बाइक गायब. नो-पार्किंगचे पाचशे, वर टोइंगचे वेगळे. दिवसभराची कमाई एका डब्यापायी गेली. जिथे उभं राहणं कायद्यात बसत नाही, तिथे उभं राहायला आपण त्याला नोटीस काढून सांगतोय, आणि वर उशीर झाला की एक स्टार देतोय.

कमिटीच्या म्हणण्यात काहीच नाही असंही नाही. आत मुलं खेळतात, आणि दहा मिनिटांच्या घाईतली बाइक पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या अंगणात, वळते तेव्हा आजी-आजोबांचा जीव खालीवर होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याचा इलाज गेटपाशीच आहे: आत शिरल्याशिरल्या चार-पाच दुचाक्यांची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखा, बाइक तिथेच थांबवा, तिथून पुढे पायी. रॅम्पच्या वळणावर गोल आरसा लावा. पेव्हर ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरतं, ते ब्रशने घासून घ्या. पुण्याचं शेवाळ आणि इथलं काळं बर्फ, म्हणजे रस्त्यावरचा पारदर्शक थर, यांत माणूस आपटण्यापुरता तरी काही फरक नाही. दोन्ही दिसत नाही, आणि हातात पार्सल असलं की माणूस सावरायला हातही टेकू शकत नाही.

‘जागा कुठाय?’ हा पुढचा प्रश्न. व्हिजिटर पार्किंग मंजूर नकाशात आहे हो! तिथे सध्या सभासदांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या आहेत. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येणार नाही, ते सामायिक आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2010 साली नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं होतं. निकाल मुंबईच्याच एका हाउसिंग सोसायटीच्या वादातला. बिल्डरशी भांडताना तो आपल्याला तोंडपाठ असतो. आपणच सामायिक जागा बळकावली की मात्र कोणाला आठवत नाही.

इथे राहून असं लिहिताना छाती थोडी फुगते, नाकारत नाही. मग संध्याकाळी शेजाऱ्यांचा ग्रुप उघडतो, आणि त्यात दरवाजावरच्या कॅमेऱ्यांच्या क्लिपा असतात: याने पार्सल कसं फेकलं, तो लॉनवरून कसा गेला. पायऱ्यांवर मीठ होतं का, हे त्या क्लिपांखाली कोणी विचारत नाही. जुलै 2025 पासून ओंटारिओत ॲपवर काम करणाऱ्यांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा ताशी 17.20 डॉलर, पण ऑर्डर घेतल्यापासून पोचवेपर्यंतच्या वेळेचं. पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून, हात चोळत पुढच्या ऑर्डरची वाट बघितली, त्याचे शून्य. भारतातही सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे असे ॲपवर काम करणारे, आले, ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागूही झाली. कंपन्यांनी त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायचा आहे. गेटपासून दारापर्यंतची जबाबदारी मात्र ना इथल्या कायद्याने ॲपवर टाकली, ना तिथल्या.

आणि मी एवढा का तापलोय? आईची बीपीची औषधं, दूध, तिला आवडणारी ती एका ठरावीक दुकानाची चकली, हे सगळं मी मिसिसागातून मागवतो. माझी रात्र, तिची सकाळ. मॅपवर तो छोटा स्कूटर सरकताना बघत बसतो. गेटपाशी तो थांबला की मला इथे कळतं. ‘मुलगा परदेशात, पण सगळं वेळेवर पोचवतो’ असं शेजारच्या काकू आईला म्हणतात. पोचवणारा मुलगा दुसराच असतो. पावसात भिजलेला, वॉचमनच्या वहीत नाव लिहिणारा. चेअरमनसाहेबांना मी हे लिहिलं नाही. बाहेरचा ठरायला आणखी पुरावा कशाला द्या?

त्याऐवजी प्रस्ताव टाकला: गेटजवळचा आमच्या नावचा स्लॉट डिलिव्हरीच्या दुचाक्यांना घ्या. सेक्रेटरींचं उत्तर सभ्य होतं. सभासदाला मिळालेली जागा परस्पर कोणाला देता येत नाही, विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा लागेल, आपण उपस्थित असाल ना?

आईला फोन केला, म्हटलं, सभेत तू मांड. ती म्हणाली, ‘मांडते. पण त्या जागेवर ह्यांची झेन उभी आहे, ती मी हलवू देणार नाही. दुसरी जागा शोध.’

आता मी सोसायटीचा पार्किंगचा नकाशा पीडीएफमध्ये मागवलाय. ट्रान्सफॉर्मरच्या मागे एक तिकोनी तुकडा दिसतोय. तिथे सध्या कोणाचे तरी फरशीचे उरलेले बॉक्स आहेत.