पिझ्झा छान झालाय, १० पैकी १०!

सहावीत शिकणाऱ्या तमाम पालकांनो, आकारिक मूल्यमापन (म्हणजे वर्षभर तोंडी, प्रोजेक्ट, चाचण्यांमधून होणारी तपासणी) जवळ आलंय, तर अनुभवाचे चार बोल ऐकून ठेवा.

प्रोजेक्टचा मेसेज ग्रुपवर रविवारी रात्री साडेनऊलाच पडणार. चिडायचं नाही. थर्माकोल, ग्लिटर, ग्लू गन कायम घरात हवंच. (सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ला बंदी आली म्हणे. असो.)

मुलाच्या हातात कात्री देऊ नका. कड वाकडी येते, मार्क जातात.

तोंडी परीक्षेचं टेन्शन नको, एका तासाला पन्नास पोरं, 'नेक्स्ट' म्हणण्यातच वेळ जातो.

स्वयंमूल्यमापनाच्या तक्त्यात तीन चेहरे असतात. हसरा रंगवा.

आता आमचं मागच्या आठवड्यातलं ऐका. 'अपूर्णांकांचा पिझ्झा' करून आणा. मी रात्री एकपर्यंत थर्माकोल कापतेय, नवरा घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून साडेदहाला उगवला तो काळ्या कागदाची ऑलिव्ह कापायला बसला, आणि ज्याचा प्रोजेक्ट तो गाढ झोपलेला, बरोबरच आहे, त्याचं काय काम तिथे! १० पैकी १०. शेरा, 'छान'. (आम्ही दोघंही लाजलो.) चार दिवसांनी चाचणीचा पेपर सहीला आला, त्यात १/२ + १/३ = २/५. त्यावर लाल फुली. बास, पुढे एक अक्षर नाही.

कुकर लावता लावता विचारलं, हे कसं काढलंस रे? "वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे." म्हटलं, अर्धा पिझ्झा खाल्लास, वर अजून एक तुकडा घेतलास, तर बेरीज अर्ध्यापेक्षा कमी कशी आली? गप्प. मग फ्रिजवर ठेवलेल्या त्या दहा मार्कांच्या पिझ्झ्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे आधी सहा सारखे तुकडे करायला लागतील का?"

दुसरी शिट्टी पण झाली नव्हती हो.

अहो, सरकारच्या २०१०च्या जीआरमध्ये आकारिकची आठ साधनं दिलीत, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, सहावीला निम्मं वजन या आकारिकलाच, ते कशासाठी? पोरगं कुठे अडलंय ते कळावं आणि उद्याचा तास तसा घ्यावा म्हणून ना? की आईची ग्लू गन तपासायला? बाईंना मतदार याद्या, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं मान्य आहे मला. पण त्या वर्गात निम्म्या पोरांनी हेच २/५ लिहिलं असणार, फळ्यावर दहा मिनिटं घेतली असती तरी चाललं असतं, पिझ्झा नसता मागितला तरी चाललं असतं. आणि तुम्ही, हो तुम्हीच, आईबापांनो, 'थँक्यू टीचर' म्हणून हात जोडलेले इमोजी टाकता ना ग्रुपवर, लाज वाटू द्या जरा, मलाही वाटतेय, मीही टाकलेत.

परवा ज्वालामुखी न्यायचाय. तो माझा लेकच करणार, वाकडा तर वाकडा. मार्क द्यायचे तेवढे द्या, फक्त फुली मारलीत तर का मारली ते खाली एका ओळीत लिहा.