गोड खाऊ घातलं म्हणून नाही हो!

परवा पालकसभेत एका आईला दुसरीनं सहज विचारलं, “लहानपणी बिस्किटं फार दिलीत का हो हिला?” विचारणारीच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण जिची पोर रोज चारदा इन्सुलिन टोचून घेते, त्या बाईचा चेहरा खर्रकन उतरला.

नाशिकमध्ये इतकी वर्षं शिकवतेय, म्हणून हक्कानं लिहिते. मुलांमधला टाईप वन डायबेटिस गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. यात ना जिलबीचा दोष, ना आईचा. पथ्य पाळून तो टाळताही येत नाही.

टाळता येतो तो उशीर. मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला पळतंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, खाऊनपिऊन वाळत चाललंय, तर “ऊन आहे”, “जंत झाले असतील”, “दृष्ट लागली” म्हणत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन शुगर तपासा. बोटाला टोचलं की मिनिटभरात आकडा कळतो. ही लक्षणं असताना तो २०० च्या वर असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास आला तर थेट हॉस्पिटल. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वाट पाहण्यात मुलं दगावतात.

आणि “गंगेवर एक जण औषध देतो, इन्सुलिन सुटतं” हे सांगणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी ही मुलं फार जगतच नसत. बंद करून बघू, हा प्रयोग पोटच्या पोरावर करायचा नसतो.

टाईप टू डायबेटिस वेगळा. पूर्वी मोठ्यांचा मानला जाणारा हा आजार आता मुलांतही दिसतो, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. वजन वाढलेल्या मुलाची मान काळपट, मखमली दिसायला लागली तर साबणानं घासू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला डायबेटिस असेल तर आधी दाखवा. द्राक्षांच्या गावातली आपली पोरं द्राक्षं बाजूला सारून पॅकेटातला ज्यूस मागतात! सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले, छान केलं. पण रोज तासभर खेळायचं कधी? पीटीचा तास गणिताचे सर घेऊन जातात. शिवाय त्या बोर्डाकडे बघून वर्गातली पोरं टाईप वनवाल्या मुलीला “तू खूप चॉकलेट खाल्लीस ना?” विचारणार. फरक आपणच सांगायला हवा.

माझ्या वर्गातली टाईप वनवाली मुलगी खेळायच्या आधी बेंचवरच बोट टोचते. एकदा मीटरवर ६२ आलं, म्हणजे साखर फार खाली गेली होती. हात थरथरत होते, कपाळावर घाम. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पोर मैदानावर. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. अशा मुलाला एकटं मात्र कुठंही पाठवायचं नाही.

तरी एका शाळेनं आईला सांगितलं, “मधल्या सुट्टीत तुम्हीच येऊन इंजेक्शन देत जा.” त्या आईनं नोकरी सोडली. शाळेच्या फ्रिजमध्ये शिक्षकांच्या वाढदिवसाचा केक मावतो, जास्तीचं इन्सुलिन पेन मावत नाही म्हणे.