पुठ्ठा एक नंबर

चौतीस रुपये. वर चाळीस पैसे होत होते, ते भंगारवाल्यानं "ऱ्हाऊ द्या आता, साहेब" म्हणून मोठ्या मनानं सोडले. त्याचे नव्हे. माझे.

गेल्या रविवारची गोष्ट. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, जेवण व्यवस्थित जातंय. फक्त दिवाणावर बसलं की खालून पोकळ आवाज येतो, तेवढा ऐकवत नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडं हिशेब लिहितो. दिवसभर दुसऱ्याची क्विंटलं आणि दुसऱ्याचे दर. 2018 साली लेक दहावी पास झाली म्हणून ठेव मोडून हाँगकाँगची सहल केली, त्यात एक दिवस डिस्नेलँड होतं. लेक दोन-चार पाळण्यांत बसून आली आणि विसरून गेली. मी दुकानात शिरलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही. उंदराचे कान, पिना म्हणजे टोचायचे रंगीत बिल्ले, त्या लावायच्या गळपट्ट्या, पेले, पॉपकॉर्नचे डबे. पुढं भाचा, भाचीचा नवरा, अडत्याच्या मुलाचा मित्र, जो कोणी परदेशी निघेल त्याच्या हातात माझी यादी. घरच्या वहीत हे सगळं 'किरकोळ' या एका खात्यावर. आजवर किरकोळ किती झालं ते मला रुपयापर्यंत माहीत आहे आणि मी ते इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यांत आमच्या मेव्हण्या आहेत.

दोष माझाच. पण जागा बांधणाराही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. वॉल्ट डिस्नेनं 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पहिली बाग उघडली, तेव्हा आत जायचा आणि बाहेर पडायचा रस्ता एकच ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं मांडली. हाँगकाँगलाही तीच रचना. देवळाच्या वाटेवर आपल्याकडं पेढेवाले-नारळवाले असतातच, पण देवळातून माणूस मागच्या बोळानं सटकू तरी शकतो. इथं पाय दुखत असतात, पोरं पेंगत असतात, आणि दुकानातून गार हवा येत असते. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही महिन्यांत अ‍ॅनाहाइमच्या त्या रस्त्यावर बायकांच्या ब्रेसियरचंही एक दुकान होतं, ते 1956 उजाडताच बंद झालं. ही माहिती मी हिला कौतुकानं सांगितली. ही म्हणाली, "कामाचं तेवढं एक होतं, तेच बंद केलं."

पिनांचं वेड आणखी पुढचं, 1999 चं, फ्लोरिडाच्या बागेतलं. नवं सहस्रक येणार म्हणून सुरू झालं. तिथल्या नोकरमाणसांच्या गळपट्टीवर पिना टोचलेल्या असतात. आपली एक द्यायची, त्यांची एक घ्यायची. लहानपणी दारात बोहारीण यायची, जुन्या लुगड्यावर पातेलं द्यायची, तोच व्यवहार. फक्त पातेलं मिळत नाही.

ऑगस्ट 2019 चा पूर आला तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्यावर होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोका समजतात, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वरच्या मजल्यावरच्यांकडं सामान चढवायला मिळाली असतील पंधरा-वीस मिनिटं. हिनं गॅसची शेगडी, कागदपत्रं आणि देव उचलले. मी सूटकेस उचलली. सूटकेसमध्ये काय होतं ते वर गेल्यावर चार कुटुंबांसमोर उघडलं, कारण कुणाला तरी कोरडा टॉवेल हवा होता. "पुरात माणसं तांदूळ वाचवतात, आमच्या ह्यांनी उंदराचे कान वाचवले," हे वाक्य त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि एका दहाव्याला मी ऐकलेलं आहे. एकट्या आईनं माझी बाजू घेतली. गावच गणपतीचं, म्हणाली, उंदीर घरात असला तर बिघडलं कुठं? तिनं एक मिकी देवघराच्या कडेला ठेवलाही होता. संकष्टीला त्याला दूर्वा मिळायची.

तर रविवार. घटस्थापनेच्या आधीची झाडलोट. मी भडंग आणायला गणपती पेठेत गेलो होतो. परत येतो तो विश्रामबागच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दिवाणाचं आख्खं पोट बाहेर मांडलेलं. हरिपूरच्या पेवांत पूर्वी जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं खाल्ली, आणि आता माझं पेव हिनं खाली करायला काढलं होतं. मधोमध भंगारवाला उकिडवा बसलेला, आणि त्याच्या हातात टोकिओचा डबा. मिकीच्या तोंडाचा, गळ्यात अडकवायला पट्टा, कपाळ दाबलं की डोळे पेटणारा. भाचीच्या नवऱ्यानं विमानात मांडीवर घेऊन आणलेला.

"ह्ये काय म्हणायचं, साहेब?"

"डबा आहे. पॉपकॉर्नचा."

"मक्याच्या लाह्यांचा?"

"हो."

"आत हायत?"

"नाही. त्या तिकडंच खाल्ल्या."

"मग रिकामा का ठिवलाय?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी माहिती दिली. टोकिओच्या बागेत लाह्या मधाच्या मिळतात, सोया सॉस-बटरच्या मिळतात, करीच्यासुद्धा मिळतात. आपला डबा नेला की नुसत्या लाह्यांचे पैसे पडतात, म्हणून तिथं लोक डबे गळ्यात घालून हिंडतात. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही.

"म्हंजे आपण गोड्या तेलाला किटली न्यायचो तसं."

"अगदी तसंच."

"मग तुमी जाता व्हय भरून आणाय?"

"टोकिओला?"

"न्हाई, डबा हाय म्हणून इचारलं."

पायरीवर बसलेली ही पदराआड हसली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"कितीला बसला?"

"दोनशे," मी म्हणालो. भंगारवाल्याशी खोटं बोलायची काय गरज होती? पण इतक्या वर्षांत जिभेला वळणच पडलंय.

"दोन हजार तीनशे," पायरीवरून आवाज आला. "पावती पिठाच्या डब्यात घावली."

भंगारवाला हसला नाही. हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं डबा कानाशी धरून हलवला, बुडावर नखानं टकटक केलं, झाकण काढून हुंगलं. "आमटीचा वास येतोय." मग कपाळ दाबलं. मिकीचे डोळे लाल झाले, निळे झाले, आणि दोघं एकमेकांकडं बराच वेळ बघत राहिले.

"न्हाई घ्यायचा."

"का?"

"मिक्स हाय, साहेब. पट्टा कापडाचा, आत वायर, सेल, भाईर प्लास्टिक, त्येच्यावर रंग. ह्ये फोडाय माझं माणूस अर्धा तास बसणार, त्येची मजुरी कोण देणार? धड प्लास्टिक तरी असावं, न्हाईतर धड कापड तरी. ह्ये कशातच बसत न्हाई."

आणि इथं माझं डोकं फिरलं. वास्तविक मी डबा वाचवायला धावलो होतो. माणूस तो नको म्हणतोय, प्रश्न मिटला होता. पण नको? भंगारात नको? मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि डबा खपवायला लागलो. जपानी आहे म्हणालो. हात लावून बघा, किती जाड आहे म्हणालो. दहा रुपये द्या म्हणालो.

"जपानी असू दे की. परवडत न्हाई."

"पाच."

"साहेब, फुकट दिलासा तरी गोडावनात जागा जाती."

पिनांकडं वळला. खिशातून सुतळी बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि माझ्या एकशे बारा पिनांवरून आरती ओवाळल्यागत फिरवलं. एक पीन उठेल तर शपथ. "लोखंड न्हाई. पितळ म्हणावं तर वजन न्हाई. जस्तात कायतरी मिसळलंय, वर रंग दिलाय." बरोबर सांगितलं त्यानं. या पिना बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्याच असतात. हेच मी तीन रात्री इंटरनेटवर जागून शोधून काढलं होतं, त्याला सुतळीएवढा वेळ लागला. कान त्यानं बोटांत चोळले. "गोधडीतबी जायचं न्हाई."

उठता उठता त्याची नजर मागं गेली. "वैनी, पण ह्यो पुठ्ठा एक नंबर हाय."

तो पुठ्ठा म्हणजे खोकी. ज्यानं आयुष्यात काही जमवलेलं नाही त्याला खोक्याचं महत्त्व कळणार नाही. वस्तू काय, कुणाकडंही असते. मूळ खोक्यासकट असेल तरच तिला किंमत. 2022 च्या जानेवारीत फ्लोरिडाला एका जांभळ्या ड्रॅगनच्या तोंडाचा पॉपकॉर्नचा डबा आला, 25 डॉलरचा. लोक कित्येक तास रांगेत उभे राहिले, आणि तेच डबे लगोलग इंटरनेटवर कितीतरी पट भावानं विकायला आले. ते वाचल्यापासून मी खोक्याची चिकटपट्टीसुद्धा ब्लेडनं, कड न दुखावता काढायचो. लेकीच्या लग्नात उपयोगी पडतील हे हिला सांगायचं मी योग्य वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

त्यानं खोक्याच्या पाकळीखाली अंगठा घातला, टर्र करून शिवण उसवली, खोकं जमिनीवर उताणं केलं आणि त्यावर पाय दिला. मग दुसरं. मग तिसरं. किल्ल्याचं चित्र असलेल्या खोक्यावर त्याच्या चपलेचा तळ जसाच्या तसा उठला. सुतळीनं गठ्ठा बांधला, काट्याला लटकवला. चार किलो तीनशे. आठ रुपयांनी.

मी काही बोललो नाही असं ही सांगते. बोललो होतो. "थांबा" म्हणालो होतो, पण तेव्हा मिक्सरवाल्याचा भोंगा जात होता.

आता एक विचारतो. आमच्या माळ्यावर स्टीलची भांडी आहेत. चौदा पातेली, सहा कळशा, तांबे मोजलेले नाहीत. प्रत्येकावर नाव घातलेलं: अमक्याकडून सप्रेम भेट, तारीख, गाव. त्यातलं एकही आजवर चुलीवर चढलेलं नाही. पुरात ती तरंगली तेव्हा बोळात जाऊन एकेक गोळा करून आणली. त्याला संसार म्हणायचं. आणि मी कानांच्या टोपीवर मागं दोऱ्यानं नाव घालून घेतलं तर ते खूळ. काचेच्या कपाटातले सहा-सहाचे कपबशांचे सेट पाहुण्यांसाठी ठेवलेत. ते वापरण्याइतका मोठा पाहुणा सव्वीस वर्षांत आमच्याकडं आलेला नाही. साड्यांवर मी बोलतच नाही. सगळ्या घरादारानं आयुष्यभर जमवायचं, झाकून ठेवायचं, आणि दिवाणाखालच्या चार फुटांत माझं काही असलं की नेमका त्याच रविवारी भंगारवाला बोलवायचा. त्या माळ्यावर त्याला नेऊन दाखवा म्हणालो, स्टीलला भाव चांगला मिळतो. ही दोन दिवस बोलली नाही.

चौतीस रुपयांची कोथिंबीर आणि लिंबं आली. उघडा पडलेला माल परत दिवाणात घालायला हिनं मनाई केली, त्यामुळं कान लेकीच्या खोलीत खुंटीला आहेत आणि पिना बटणांच्या डब्यात. टोकिओचा डबा स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लटकतोय. त्यात भडंग भरलंय. परवा शेजारच्या काकू आल्या, डोळे पेटवून बघितले, "बाई, किती गोड, कुठं मिळाला?" म्हणाल्या. हिनं सांगितलं, "आमचे हे आणतात." आणतात! वर्तमानकाळ.

अडचण एवढीच आहे की झाकण घट्ट बसत नाही. चार दिवसांत भडंग सादळलं. काल रात्री मी तेच चघळत बसलो होतो, तर ही भांडी घासता घासता, मागं न बघता म्हणाली, "अहो, त्या जपानच्यात फिरकीच्या झाकणाचा मिळतो का बघा की."