डबल स्लीपर

"साहेब, झोपायचंच आहे ना? मग सिंगल काय अन् डबल काय?"

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री संगमवाडीला ट्रॅव्हल्सच्या पोराने मला हे विचारलं, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बाकरवडीच्या पिशव्या होत्या म्हणून तो वाचला. सिंगल स्लीपर मी महिनाभर आधी बुक केला होता. ऐनवेळी 'गाडी बदलली' आणि बदललेल्या गाडीत माझा नंबर डबलमध्ये गेला. डबल स्लीपर म्हणजे लग्नाला पंधरा वर्षं झालेलं जोडपंही एकमेकांना 'सरक की जरा' म्हणेल एवढी जागा. उशी एक, ब्लँकेट एक आणि शेजारी देव देईल तो माणूस. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं खासगी गाड्यांनी घेऊ नये, असा सरकारचा २०१८चा निर्णय आहे. मी तो त्याला तोंडपाठ ऐकवला.

"बरं," तो म्हणाला आणि माझी बॅग डिकीत फेकली.

वर चढलो तर बर्थच्या पायथ्याशी एक फुगलेली गोणी, गोणीवर पाय टाकून एक गृहस्थ आणि सगळ्यावर नव्या रबराचा वास.

"काका, ही गोणी खाली डिकीत—"

"काका कायले म्हन्ता भाऊ? तुमच्यायेवढाच असन मी. डिकी फुल हाय. आन् माल दबला तं बेकार होते."

"आहे काय त्यात?"

"कुकरच्या रिंगा."

इथे जरा थांबतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा रचून सांगतोय. दर दिवाळीला अकोल्याला जाताना मी फोनवर एकच सिनेमा पाहतो. 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स', १९८७चा, जॉन ह्यूजचा. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, म्हणजे दिवाळीत पुणं रिकामं होतं तशी अर्धी अमेरिका घरी निघालेली असताना, नील पेज नावाचा एक टापटीप, कातावलेला गृहस्थ न्यूयॉर्कहून शिकागोला निघतो. हा स्टीव्ह मार्टिन. बर्फामुळे विमान शिकागोऐवजी कॅन्ससमधल्या विचिटाला उतरतं आणि त्याच्या मानगुटीवर बसतो डेल ग्रिफिथ, म्हणजे जॉन कँडी. अवाढव्य देह, त्याहून अवाढव्य ट्रंक आणि तोंडाला टाळं नाही. हा डेल फिरता विक्रेता आहे. तो काय विकतो, तर बाथरूमच्या पडद्याच्या रिंगा.

म्हणजे सिनेमा माझ्या फोनमध्ये होता, आणि डेल गोणीसकट आधीच येऊन पसरला होता.

येरवडा ते वाघोली आम्हाला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मला कळलं, की कोणत्या लिटरच्या कुकरची रिंग सर्वांत आधी सैल होते, मलकापूरच्या साडभावाने यांचे किती पैसे बुडवले आणि बायका सैल रिंग फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा वापरतात त्यामुळे धंद्याची कशी वाट लागली. "एक रिंग तीन वर्सं चालवतात हो! मंग आमी काय खावं?" शेवटी मी म्हणालो, "भाऊ, मला तुमच्या रिंगांमध्ये काडीचाही रस नाही. जरा पडू द्या."

"हाव," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. डबल स्लीपरमध्ये जितकं वळता येतं तितकं.

मी इयरफोन लावून सिनेमा सुरू केला. पाच मिनिटांत माझ्या कानावर श्वास.

"काय पाहून रायले?"

"इंग्रजी आहे."

"आसू द्या न. एक कान मले द्या."

माझे इयरफोन जुने, वायरवाले. एक टोक माझ्या डाव्या कानात, एक त्यांच्या उजव्या. ते हसले की माझा कान ओढला जायचा, मी कूस वळवली की त्यांचा. अशा रीतीने दोन प्रौढ पुरुष एका दोरीला बांधले जाऊन नगरच्या दिशेने निघाले.

विचिटात या दोघांना मोटेलमध्ये एकच खोली मिळते, एकच पलंग. डेलच्या बडबडीने आणि घसा खाकरण्याने नीलचं डोकं फिरतं आणि तो उठून त्याला नाही नाही ते बोलतो. तुझ्या गोष्टींना ना शेंडा ना बुडखा, वगैरे. कॅमेरा कँडीच्या चेहऱ्यावर थांबतो. तो हळूहळू पडत जातो, मग सावरतो आणि सांगतो, की मी आहे तो असा आहे, माझा मला आवडतो, माझ्या बायकोलाही आवडतो.

"काय म्हन्ते तो?"

मी भाषांतर केलं. थोडं सौम्य करून.

"तुमी बी मले मंगाशी असंच बोल्ले ना," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. गाडीने रांजणगाव सोडलं, असं सांगावं तसं सांगितलं. मी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी केला.

हा जॉन कँडी १९९४च्या मार्चमध्ये गेला, वयाच्या ४३व्या वर्षी. मला गेल्या महिन्यात ४३ पूर्ण झाली. हॉस्टेलवर पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा आम्ही सगळे डेलच्या बाजूने होतो आणि नील म्हणजे खडूस म्हातारा, असं आमचं एकमत होतं. आता दरवर्षी मला नीलचं जास्त जास्त पटत चाललंय. पैसे भरून, वेळेवर येऊन, रांगेत उभं राहून माणसाने करायचं तरी काय?

असो. सकाळ होते. झोपेत ते दोघे एकमेकांना बिलगलेले असतात आणि हात कुठे आहे विचारल्यावर डेल झोपेतच सांगतो, दोन उशांच्या मध्ये. त्या उशा नसतात. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमचा बर्थ इतका हलला की खालच्या बाई पडदा सारून ओरडल्या. हसणं ओसरल्यावर आम्हा दोघांचीही नजर आमच्या एकुलत्या एका उशीवर गेली. ते मुकाट्याने उठले, पायथ्याची गोणी ओढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी लावली. पुढचा सगळा सिनेमा आम्ही कुकरच्या रिंगांवरून पाहिला.

रात्री चोराने दोघांचीही पाकिटं साफ केलेली असतात. आगगाडी माळरानात बंद पडते, मग बस. सेंट लुईसला पोचतात तेव्हा खिशात दमडी नाही. मग डेल ट्रंक उघडतो आणि पडद्याच्या रिंगा कानातले म्हणून विकतो. रिंगवाले ताडकन उठले, छताला डोकं आपटलं.

"कानातले म्हून? आन् घेतात लोक?"

"घेतात."

बराच वेळ ते पडद्याच्या फटीतून बाहेरचा अंधार बघत राहिले. मला वाटतं, पाच लिटरची रिंग मनुष्यप्राण्याच्या कुठल्या अवयवाला शोभेल, याचा विचार चालला असावा.

आणि मग तो प्रसंग. नीलने भाड्याने गाडी घेतलेली असते. कंपनीची बस त्याला एका अफाट पार्किंगमध्ये सोडून जाते, आणि दिलेल्या जागेवर गाडीच नसते. तो बर्फाचिखलातून, हायवे ओलांडत, धडपडत काउंटरवर परत येतो. काउंटरवरच्या बाई फोनवर सणाच्या जेवणात कोण काय आणणार याच्या गप्पा मारतायत. त्यानंतर मिनिटभर तो जे बोलतो त्यात एकच शिवी दीड डझन वेळा येते. तेवढ्या एका प्रसंगापायी अमेरिकेत या निरुपद्रवी सिनेमाला 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश.

"काय म्हनून रायला?"

"चिडलाय."

"येवढा येळ बोल्ला आन् निस्तं चिडलाय?"

मी वऱ्हाडीत भाषांतर केलं. वऱ्हाडी याबाबतीत इंग्रजीपेक्षा किती श्रीमंत आहे, ते इथे छापता येत नाही. पुढे त्या बाई शांतपणे करारपत्र मागतात. ते त्याने रागाच्या भरात फेकून दिलेलं असतं. मग त्याही त्याच शब्दात त्याला सांगतात, की तुझं आता काय झालंय.

दरवर्षी मी इथे खदखदून हसतो. यंदा नाही आलं हसू. त्या बाईंनी निदान एका शब्दात खरं ते सांगितलं. माझं तिकीट बदलणाऱ्याने 'बरं' म्हटलं. कस्टमर केअरवर तीनदा फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, प्रवास पूर्ण झाला की तक्रार नोंदवा. पूर्ण झाल्यावर म्हणाली, प्रवास पूर्ण झालाय, आता तिकीट क्लोज झालं. सिंगल आणि डबलच्या भाड्यातल्या फरकाचं कुणी नावही काढत नाही. शिव्या द्यायला समोर माणूस लागतो हो. इथे नुसतं 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'.

जालना मागे पडलं आणि माझ्या फोनने लाल रेघ दाखवली. बर्थला चार्जिंगचा पॉइंट होता. पॉइंटच होता, करंट नव्हता. सिनेमात भाड्याची गाडी जळून कोळसा झाली आणि इकडे स्क्रीन काळी पडली. शेवटची वीसेक मिनिटं राहिली.

"जाऊ द्या," रिंगवाले म्हणाले. "मले मालूम हाय. त्या जाड्याची बायको मेलेली हाय."

मी उठून बसलो. हे शेवटच्या पाच मिनिटांत उघड होतं. शिकागोच्या स्टेशनात डेल ट्रंकेवर एकटाच बसलेला सापडतो तेव्हा. आठ वर्षं झालेली असतात तिला जाऊन. "तुम्ही आधी पाहिलाय?"

"नाई बा. पन तो पतला पाहा, सारका घरी फोन करते. हा सारा येळ बायको बायको करते आन् एक फोन नाई. जिती असती तं आतापावेतो तिचेच धा आले असते."

हॉस्टेलपासून मी हा सिनेमा किमान वीस वेळा पाहिलाय. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि मग मला घाम फुटला. रिंगा, गोणी, बडबड, आणि इतकं अचूक ओळखणं. मला शेवट ठाऊक होता. नील त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन जातो. मी धीर केला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "तुमच्याकडे घरी... कोण कोण असतं, भाऊ?" मनातल्या मनात आईला फोन करून एक पान वाढवलंही.

"बायको, तीन पोरं, माय, आन् दोन वर्सापासून सासरेबुवा बी येऊन बसले. कावून?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गाडी कुठवर आली, हे विचारणारा बाईचा आवाज मला गोणीपलीकडून स्वच्छ ऐकू आला. खामगाव येईपर्यंत तो आणखी चार वेळा आला.

खामगावला ते उतरले. ब्लँकेट रात्रभर त्यांच्याकडे होतं, ते त्यांनी नीट घडी करून मला दिलं. मग गोणीत हात घालून एक रिंग काढली. "वयनीले द्या. फ्रीजरमंदी ठिवू नका म्हना."

अकोल्याला आईने ती कुकरला लावून पाहिली. आमचा कुकर तीन लिटरचा आहे.