पाडवा, तांब्या आणि मी

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता २१ दिवस घरात बसा म्हणून जाहीर झालं, लोक किराणा दुकानाकडे पळाले आणि माझी नजर गेली सिंककडे. कारण सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडलाच होता, उद्यापासून कामवाल्या मावशींना गेटच्या आत एन्ट्री नाही. बायकोने पाच मिनिटांत वाटणी करून टाकली, स्वयंपाक तिचा, भांडी माझी. मला वाटलं स्वस्तात सुटलो.

तीन माणसांच्या घरात दिवसाला किती भांडी निघतात हे मला माहीतच नव्हतं हो! चहाचं पातेलं धुवून पालथं घालतोय तोवर आई विचारणार, "अर्धा कप होईल का रे?" चमच्यांना तर सिंकमध्येच पिल्लं होत असावीत.

त्यात दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढीचा तांब्या वर्षभर माळ्यावर पडून काळाठिक्कर झालेला. साबण लावला, तारेची घासणी घेतली, खांदा भरून आला तरी तांब्या आपला मख्ख. शेवटी मावशींना व्हिडिओ कॉल लावला.

"अवो दादा, ती तार टाका आधी, चरे पडत्यात! चिंच हाय का घरात? मीठ लावा अन् बोटानं चोळा. मारामारी नगं."

दोन मिनिटांत तांब्या असा निघाला की आईला तो दुसराच वाटला. मग मावशींनी त्यांची गुढी दाखवली, पत्र्याच्या दारात बांधलेली, त्यावरचा तांब्या बघून मी माझा जरा मागे सरकवला. फोन ठेवताना हळूच म्हणाल्या, "दादा, काम ऱ्हाईल ना माजं?" म्हणलं मावशी, हे सिंक बघा, आणि कॅमेरा तिकडे फिरवला. पगार एक तारखेला येतोय. त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या की फोनचा आवाजच फाटला.

बाल्कनीत गुढी उभारली तर खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि समोर मजल्यामजल्यावर गुढ्या! ज्याला जे मिळालं ते बांधलेलं, एकाचा स्टीलचा गडू, एकीकडे तर साखरेच्या गाठीऐवजी चक्क बिस्किटांचा पुडा लटकतोय. ओळख ना पाळख, तरी सगळे एकमेकांना हात करत होते. मीही केला, साबणाचाच.

मावशी आल्या त्या थेट जूनमध्ये, मास्क लावून. रॅकवरचं एक पातेलं उचललं, उजेडात धरलं, बुडावरून बोट फिरवलं. मग एक शब्द न बोलता सगळी भांडी परत सिंकमध्ये घेतली.