परदेशातून : चार लिटर जळकं ऑईल

गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल हातात पडलं की मराठी घरांत एक वाद हमखास रंगतो. सांगितलेलं असतं ऑईल आणि फिल्टर, बिलात मात्र इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ही न बोलावलेली पाहुणेमंडळी ठाण मांडून बसलेली. मग कुणीतरी म्हणतंच, "अमेरिकेत बघा, डॉक्टरसुद्धा अंगणात आडवा पडून स्वतःच्या गाडीचं ऑईल बदलतो. आपल्याकडे श्रमप्रतिष्ठाच नाही!" इथे अमेरिकेत राहणारे आपले लोकही यावर खुशीत माना डोलावतात. त्यातल्या निम्म्यांनी बॉनेट उघडलेलं असतं ते काचेचं पाणी भरण्यापुरतं.

श्रमप्रतिष्ठा जरा बाजूला ठेवू. इथला माणूस ऑईल घरी बदलतो त्याची कारणं साधी आहेत. मजुरी महाग, घरापुढे सिमेंटची सपाट जागा, वॉरंटीचा कायदा पाठीशी, आणि निघालेलं काळं ऑईल फुकट ठेवून घेणारं दुकान जवळच. यातलं शेवटचं काढून घेतलं तर बाकी सगळं लंगडं पडतं, आणि आपल्याकडच्या वादात नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

आधी काम काय असतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ते एकतर फार सोपं वाटतं किंवा फार अवघड. इथे रस्तोरस्ती दिसणारी गाडी घेऊ, दहाव्या पिढीची होंडा सिव्हिक, २.० लिटर पेट्रोल इंजिन. ऑईल ०डब्ल्यू-२० (हा ऑईलच्या पातळपणाचा ग्रेड), फिल्टरसह साधारण ४.२ लिटर. इंजिन चारपाच मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑईल पातळ होऊन गाळासकट उतरतं. तापलेल्या गाडीखाली मात्र जायचं नाही, मनगटावरून ओघळलेलं गरम ऑईल चांगलं पोळतं. पुढची चाकं रॅम्पवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. जॅक वापरला तर त्याच्या जोडीला स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं म्हणजे मरणाला आमंत्रण, यात अतिशयोक्ती नाही.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट १७ नंबरच्या पान्ह्याने निघतो. जवळच गिअरबॉक्सचाही बोल्ट असतो, त्याला चौकोनी भोक असतं. नवखा माणूस तो खोलतो, लालसर किंवा स्वच्छ पातळ द्रव बाहेर येतो आणि इंजिनात मात्र जुन्या ऑईलवर नवं ओतलं जातं. बाहेर काळं येत नसेल तर तिथेच हात थांबवायचा.

बोल्टाखालचा ॲल्युमिनियमचा वायसर, म्हणजे चपटी कडी, दर वेळी नवा. जुना एकदा दबलेला असतो, तो पुन्हा बसवला की थेंब थेंब गळतो. गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. मग टॅप मारा, मोठा बोल्ट घाला, नाहीतर चेंबरच बदला. चार आण्यांच्या वायसरपायी हे सगळं. टॉर्क पान्ह्यावर (किती जोराने आवळायचं ते ठरवता येणारा पान्हा) ४० न्यूटन-मीटर लावून 'कट्' आवाज आला की पुरे.

फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी रिंगण फिल्टरबरोबर आलं का, हे बोट फिरवून पाहायचं. ते इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढला, तर दोन रबरं एकमेकांवर सरकतात, इंजिन सुरू होताच ऑईलचा दाब वाढतो आणि काही मिनिटांत सगळं ऑईल रस्त्यावर येतं. नव्या रबराला बोटाने ऑईल लावायचं, फिल्टर हाताने फिरवत टेकवायचा आणि टेकल्यावर पाऊण फेरा. पान्हा लावायचा नाही, पुढच्या वेळी तो काढणारा माणूस शिव्या घालेल, आणि तो माणूस तुम्हीच असता.

इथे ऑईलचा कॅन पाच क्वार्टचा मिळतो, म्हणजे ४.७३ लिटर. तो अख्खा ओतला की अर्धा लिटर जास्त. पातळी फार वर गेली तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता मुख्य दांडा, ऑईल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून आधी चार लिटर, मग इंजिन सुरू करून ऑईलचा दिवा विझतो का ते पाहायचं, खाली वाकून गळती तपासायची, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, आणि सपाट जागेवर डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहून उरलेलं थोडं थोडं घालायचं.

हिशेब असा. कॅन आणि फिल्टर मिळून तीस-पस्तीस डॉलर. तेच शोरूममध्ये ऐंशी-शंभर. रॅम्प, टॉर्क पान्हा, परात, नरसाळं यांचे दीडशेएक डॉलर तीन खेपांत वसूल. वॉरंटीची भीती घालणारे इथेही आहेत, पण १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार गाडीची देखभाल मालकाने स्वतः केली एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. अट व्यवहाराची आहे: ऑईल-फिल्टरच्या पावत्या, तारीख आणि मीटरवरचे मैल लिहून ठेवायचे.

तरी इथलं चित्रही सरसकट नाही. बरेचसे मराठी लोक सुरुवातीची वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढतात, आणि पार्किंगमध्ये गाडीचं काम करायचं नाही अशी अट अनेक भाडेकरारांत असते. अंगणातला डॉक्टर दिसायला आधी अंगण लागतं.

आता काळ्या ऑईलकडे. परातीतलं ऑईल रिकाम्या कॅनमध्ये भरायचं, फिल्टरच्या डोक्याला भोक पाडून तो रात्रभर उलटा निथळू द्यायचा, आणि दोन्ही ऑटोझोनसारख्या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यायचं. बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेलं ऑईल मात्र परत पाठवतात. कॅलिफोर्नियात प्रमाणित केंद्रांवर उलट गॅलनमागे काही सेंट तुम्हालाच मिळू शकतात. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं म्हणणं आहे की एका ऑईल बदलातलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. दुकानदार ते पिंपात ओतून घेतो याला समाजसेवा म्हणायची गरज नाही, जुनं ऑईल द्यायला आलेला माणूस वायपर घेऊन जातो.

पुण्यात किंवा ठाण्यात हेच करायचं तर? सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे गाडी, शेजाऱ्याची स्कूटर टेकलेली. समजा जागा मिळाली, काम नीट झालं. साडेतीन लिटर काळं ऑईल हातात राहिलं. ते न्यायचं कुठे? एकतर भंगारवाला, नाहीतर गटार. कोपऱ्यावरच्या गॅरेजचं जळकं ऑईलही अनेकदा बांधकामावर सेंट्रिंगच्या पाट्यांना फासलं जातं किंवा भट्टीत जळतं. भारतात २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल येतं, आणि ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून आली आहे. कागदावर ठीक. ऑईल विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरशेजारी पिंप दिसेल तेव्हा हे नियम गाडीवाल्यापर्यंत पोचले म्हणायचे.

पैशाच्या बाजूनेही आपल्याकडे घरी बदलण्यात फारसं हशील नाही. ऑईल-फिल्टरची किंमत कुणीही बदललं तरी द्यायचीच, वाचते ती मजुरी, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजची मजुरी इथल्या मानाने किरकोळ. बिलातल्या पाहुण्यांना घालवायला गाडीखाली झोपावं लागत नाही, जॉब कार्डवर सही करण्याआधी ती नावं खोडली की झालं. वॉरंटीबद्दल सांगायचं तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका असंही बजावलं होतं. पुढे अपिलं झाली. सर्व्हिस काउंटरवर मात्र अजूनही "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली" हे वाक्य ऐकवलं जातं.

तेव्हा वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी मधला मार्ग बरा. मॅन्युअलमधला ग्रेड पाहून ऑईल आणि फिल्टर स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावं. ओळखीच्या मेकॅनिककडे समोर उभं राहून बदलून घ्यावं, नवा वायसर आपल्यासमोर लावायला सांगावा, आणि निघण्याआधी डिपस्टिक स्वतः ओढून पाहावी. रिकामा कॅन तिथे सोडू नये. डुप्लिकेट ऑईलवाले हेच कॅन उचलतात, म्हणून त्याला पटाशीने उभी चीर पाडावी. आणि हात पुसत असलेल्या मेकॅनिकला विचारावं, मागचं जळक्या ऑईलचं पिंप कोण नेतो.